शाईछत्र्यांचं कुळ शोधताना: अळंबीच्या वर्गीकरणासाठी डीएनएचा पुरावा कसा वापरायचा

पावसाळ्यात शेणाच्या ढिगावर किंवा कुजत पडलेल्या पेंढ्यावर पहाटे करड्या-पांढऱ्या छत्र्यांचा घोळका उगवतो. ऊन चढतं तशा त्यांच्या कडा काळवंडतात, मग त्यांतून काळं पाणी ठिबकायला लागतं आणि दिवस मावळेपर्यंत देठाच्या टोकाला शाईचा एक थेंब तेवढा उरतो. आपल्याकडे यांना वेगळं नाव नाही. ‘कुत्र्याची छत्री’ या एकाच नावात सगळं येतं. या लेखापुरतं मी त्यांना शाईछत्र्या म्हणतो.

परसून या अभ्यासकाने १७९७ मध्ये या छत्र्यांसाठी ‘कोप्रिनस’ ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली. बीजाणू काळे आणि छत्री वितळते, या दोन खुणांवर पुढची दोनशे वर्षं शेकडो जाती तिच्यात जमा होत गेल्या. मग १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात हॉपल आणि विल्गालिस यांनी या छत्र्यांच्या डीएनएची तुलना केली, आणि हा घोळका एका घरातला नाही हे दिसलं. २००१ मध्ये रेडहेड, विल्गालिस आणि सहकाऱ्यांनी कोप्रिनस रीतसर फोडली. कोप्रिनस कोमॅटस ही उंच, खवल्याखवल्यांची, खाण्याजोगी जाती आपल्या बाजारातल्या बटण मशरूमच्या कुळात, म्हणजे अॅगॅरिकेसीमध्ये राहिली. बाकीच्या बहुतेक सगळ्या कोप्रिनॉप्सिस, कोप्रिनेलस आणि पॅरासोला या तीन प्रजातींत विभागल्या गेल्या आणि सॅथिरेलेसी या नव्या कुळात गेल्या.

या लेखात सॅथिरेलेसीचं उदाहरण धरून डीएनएचा पुरावा कसा गोळा करायचा, कसा तपासायचा आणि त्यावरून कुळ कसं ठरवायचं ते क्रमाने सांगतो. वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत यातलं जवळजवळ सगळं करता येतं. शब्दांचा एक खुलासा आधीच करतो: मराठी पाठ्यपुस्तकांप्रमाणे ‘जाती’ सर्वांत खालची, तिच्या वर ‘प्रजाती’ आणि त्याच्या वर ‘कुल’ किंवा ‘कुळ’.

आधी प्रश्न, मग नमुने

‘माझ्याकडच्या अळंबीचा डीएनए काढून बघू’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: वितळणाऱ्या या सगळ्या छत्र्या एकाच पूर्वजाच्या वंशज आहेत का? किंवा: सॅथिरेला म्हणून ओळखली जाणारी ही न वितळणारी, ठिसूळ छत्री नक्की कोणाची भावकी?

प्रश्न ठरला की तुलनेला कोण हवं हे कळतं. प्रत्येक प्रजातीची प्ररूप-जाती तुमच्या यादीत असायलाच हवी. प्रजातीचं नाव ज्या जातीला कायमचं बांधलेलं असतं ती प्ररूप-जाती. कोप्रिनसची प्ररूप-जाती कोप्रिनस कोमॅटस आहे, म्हणून घर फुटलं तेव्हा नाव तिच्यासोबत गेलं आणि संख्येने कितीतरी जास्त असलेल्या बाकीच्यांना नवी नावं घ्यावी लागली. पुष्कळ अभ्यासकांना हे पटलं नाही. जुनं नाव मोठ्या गटाकडे राहावं असा प्रस्ताव लगेच मांडला गेला, पण तो मान्य झाला नाही. प्ररूप-जातीशिवाय काढलेल्या वंशवृक्षावर फांद्या दिसतात, पण कुठल्या फांदीला कुठलं नाव द्यायचं ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट बाह्यगटाची, म्हणजे झाडाचं मूळ कुठे ते ठरवण्यासाठी घेतलेल्या लांबच्या नातेवाइकाची. नवशिक्यांची सर्वांत घातक चूक मला इथेच दिसते. कोप्रिनसचं घर एक की दोन हे तपासताना बटण मशरूम बाह्यगट म्हणून घेतलं, तर उत्तर आधीच गृहीत धरल्यासारखं होतं, कारण प्रश्नातल्याच एका पक्षाला तुम्ही बाहेर बसवलेलं असतं. अॅगॅरिकेसी आणि सॅथिरेलेसी दोन्ही आत घ्या आणि बाह्यगट त्या दोघांच्याही पलीकडचा निवडा, उदाहरणार्थ प्लूटियस.

ढिगाऱ्यापाशी

शाईछत्री गोळा करायची म्हणजे घड्याळाशी शर्यत. उजाडताना पोहोचायचं. एकाच घोळक्यातल्या तीन वयांच्या छत्र्या घ्यायच्या: बंद अंड्यासारखी, अर्धी उघडलेली आणि पूर्ण उघडलेली. बंद छत्री सर्वांत मौल्यवान, कारण कोवळ्या छत्रीला वेढणारं पातळ आवरण तिच्यावरच शाबूत असतं. कोप्रिनेलसच्या बऱ्याच जातींत हे आवरण साखरेच्या कणांसारखं किंवा अभ्रकाच्या चुऱ्यासारखं चमकतं, कोप्रिनॉप्सिसमध्ये बहुधा पांढऱ्या तंतूंचं किंवा पुंजक्यांचं असतं आणि पॅरासोलामध्ये नसतंच. पावसाची एक सर आली की ते धुऊन जातं. म्हणून तोडण्याआधी फोटो काढा: वरून, बाजूने, आणि छत्रीखालची पातळ पाती, म्हणजे गिल्स, दिसतील असा खालून.

ती कशावर उगवली ते नेमकं लिहा. ‘शेणावर’ एवढं पुरत नाही. गाईचं, घोड्याचं की शेळीचं, ताजं की जुनं? लाकडावर असेल तर देठाच्या बुडाशी गंजासारखा केशरी तंतूंचा गालिचा आहे का ते बघा. कोप्रिनेलसच्या काही जाती असा गालिचा विणतात आणि तो कधी कधी छत्रीपासून हातभर लांब असतो. पुढे झाडावर दोन फांद्या दिसतील आणि त्यांच्यात फरक काय हे शोधायची वेळ येईल, तेव्हा या नोंदी कामाला येतील.

नमुने कागदी पिशवीत किंवा खाचांच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि घरी पोहोचेपर्यंत शाईच उरते. राखीव किंवा संरक्षित जंगलातून गोळा करायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. नमुना तपासणीसाठी परदेशात पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. देशातच सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, करून घेणं सोपं पडतं.

छत्री वितळते ती सडून नव्हे. तिची स्वतःची विकरं, म्हणजे एन्झाइम, पेशींच्या भिंती पचवतात. हे पचन कडेकडून आत सरकतं, म्हणजे ज्या भागातले बीजाणू उडून गेले तो भाग वाटेतून दूर होतो आणि वरच्या बीजाणूंना मोकळी हवा मिळते. बुलर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हे फार बारकाईने पाहून ठेवलं आहे. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच की तोडल्यावरही छत्री स्वतःला पचवत राहते. तासा-दोन तासांत ४० ते ४५ अंश सेल्सियसला, वारा खेळता ठेवून वाळवायला घ्या. नमुना पापडासारखा कडकडीत मोडला पाहिजे. वाकला तर अजून ओल आहे आणि बुरशी चढणार. ओव्हनमध्ये ७०-८० अंशांवर झटपट वाळवण्याचा मोह टाळा, कारण त्यात डीएनएचे तुकडे होतात.

शक्य असेल तर जागेवरच कोवळ्या छत्रीच्या आतल्या पांढऱ्या गराचा तांदळाएवढा तुकडा सिलिका जेलच्या कुपीत टाका. कुपीवर, पिशवीवर, फोटोच्या नावात आणि वहीत एकच क्रमांक. हा क्रमांक कुठेही तुटला तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो. दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल कुठलंही सॉफ्टवेअर पकडू शकत नाही. ते तुम्हाला एक अतिशय देखणं, पूर्ण चुकीचं झाड काढून देईल.

सूक्ष्मदर्शक टाळू नका

डीएनए येणारच आहे तर सूक्ष्मदर्शकाची काय गरज, असं विद्यार्थी विचारतात. गरज दुप्पट आहे. बीजाणूंची लांबी-रुंदी (किमान २०-३० मोजा), अंकुरछिद्र (बीजाणू जिथून रुजतो ते भोक) मध्यावर आहे की कडेला, छत्रीच्या त्वचेवरच्या पेशी कशा आहेत, आवरणाच्या पेशी गोल की लांबट, त्वचेवर राठ केस आहेत का, हे सगळं वाळवण्याआधी किंवा वाळल्यावर ३ ते ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फुगवून पाहून घ्या. झाड कुठली फांदी कुठून फुटली ते दाखवतं. त्या फांदीला ओळखायचं कसं, ते या नोंदींतूनच ठरतं.

डीएनए काढणं

वाळलेल्या नमुन्यातून १० ते २० मिलीग्रॅम पुरे. काळ्या गिल्स घेऊ नका. बीजाणूंमधलं काळं रंगद्रव्य डीएनएसोबत उतरतं आणि पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, बंद पाडतं. देठाच्या आतला भाग किंवा कोवळ्या छत्रीचा गर घ्या. आधी भिंगाखाली बघून घ्या. शेणावरच्या छत्र्यांत माशांच्या अळ्या आणि परकी बुरशी हमखास असते, आणि पीसीआरला मालक आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही.

मी सीटॅब या साबणासारख्या रसायनाची पद्धत सुचवतो. ती स्वस्त आहे आणि अळंबीतल्या चिकट बहुशर्करांना चांगली आवरते. तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये किंवा निर्जंतुक वाळूसोबत अगदी पिठासारखा कुटा, कारण कवकाची कायटिनची भिंत फुटली नाही तर पुढे काहीच मिळत नाही. त्यात २ टक्के सीटॅबचं द्रावण आणि थोडं मर्कॅप्टोइथेनॉल घालून ६५ अंशांवर ३० ते ६० मिनिटं ठेवा, अधूनमधून हलवा. मग तेवढंच क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) मिसळून सेंट्रिफ्यूज करा. प्रथिनं मधल्या पांढऱ्या थरात अडकतात आणि डीएनए वरच्या पाण्यात राहतो. तो वरचा थर मधल्या थराला न डिवचता काढून घ्या. शेवटचे चार थेंब सोडले तरी चालतील, त्यांच्या हावेपायी घाण उचलू नका. गार आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवा, ७० टक्के इथेनॉलने धुवा, वाळवा आणि ५० मायक्रोलिटर शुद्ध पाण्यात किंवा टीई द्रावणात विरघळवा. क्लोरोफॉर्म आणि मर्कॅप्टोइथेनॉल यांचं काम फ्यूम हूडमध्येच करायचं, हातमोजे घालून.

प्रत्येक खेपेला एक कुपी नमुन्याशिवाय चालवा, तीच सगळी रसायनं घालून. पुढे पीसीआरमध्ये या रिकाम्या कुपीत डीएनएचा पट्टा उमटला, तर त्या खेपेतली एकही शृंखला (वाचलेली डीएनएची अक्षरमाला) वापरायची नाही.

कुठला तुकडा वाचायचा

कवकांसाठी ओळखपट्टी म्हणून मान्य झालेला भाग म्हणजे आयटीएस. २०१२ मध्ये शॉख आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी वेगवेगळे भाग ताडून पाहिले आणि हा सर्वांत उपयोगी ठरवला. रायबोसोमच्या जनुकांमधला हा भाग प्रत्येक पेशीत अनेक प्रतींत असतो, त्यामुळे जुन्या, कोमेजलेल्या नमुन्यातूनही मिळतो. आयटीएस-१-एफ आणि आयटीएस-४ हे प्रायमर (तुकड्याची दोन टोकं ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) वापरले तर साधारण ६०० ते ८०० अक्षरांचा तुकडा येतो. परक्या बुरशीचा उपद्रव असेल तर आयटीएस-४ऐवजी छत्र्या ज्या मोठ्या गटात येतात त्या बेसिडिओमायसीट गटासाठी बनवलेला आयटीएस-४-बी वापरून बघा.

पण कुळाचा प्रश्न एकट्या आयटीएसवर सोडवू नये. हा भाग झपाट्याने बदलतो, म्हणून सख्ख्या भावंडांतला फरक तो चांगला दाखवतो. लांबच्या नातेवाइकांत मात्र इतके बदल साचलेले असतात की कुठलं अक्षर कोणाशी जुळवायचं तेच कळेनासं होतं. कुळाच्या पातळीवर एलएसयू हा संथ बदलणारा शेजारचा भाग (प्रायमर एलआर-०-आर आणि एलआर-५) हवाच, आणि त्याच्या जोडीला प्रथिनं घडवणारी, एकेकट्या प्रतीतली जनुकं: टीईएफ-१ अल्फा, बीटा-ट्युब्युलिन, आरपीबी-२. सॅथिरेलेसीवरच्या २०१५ च्या ओर्स्टाडियस, रायबर्ग आणि लार्सन यांच्या कामात आयटीएस, एलएसयू, टीईएफ-१ अल्फा आणि बीटा-ट्युब्युलिन हे चार भाग वापरलेले आहेत. तुम्हीही तेच घेतलेत तर तुमचे नमुने त्यांच्या झाडात थेट बसवता येतात. कोप्रिनॉप्सिस सिनेरिया ही शेणावरची जाती प्रयोगशाळांतली लाडकी आहे. तिचा संपूर्ण जीनोम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे या जनुकांचा पक्का संदर्भही हाताशी आहे.

पीसीआरचा साधा क्रम: ९५ अंशांवर ३ ते ५ मिनिटं, मग ३५ फेऱ्या (९५ अंश ३० सेकंद, ५२ ते ५५ अंश ३० ते ४५ सेकंद, ७२ अंश १ मिनिट) आणि शेवटी ७२ अंशांवर ७ मिनिटं. पट्टा आला नाही तर लगेच डीएनए वाढवू नका. शाईछत्र्यांत उलट करावं लागतं: डीएनए दहापट, पन्नासपट पातळ करा, म्हणजे अडथळा आणणारं रंगद्रव्यही पातळ होतं. थोडं बीएसए हे प्रथिन घातल्यानेही गाडी पुढे सरकते. एकप्रती जनुकं हट्टी असतात. तिथे प्रायमर जुळण्याचं तापमान (वरच्या क्रमातले ५२ ते ५५ अंश) २-२ अंशांनी बदलत राहण्याला पर्याय नाही.

आलेली शृंखला वाचणं

सिक्वेन्सिंग दोन्ही बाजूंनी करून घ्या. एका बाजूने केलं की थोडे पैसे वाचतात, पण सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरं अविश्वसनीय राहतात. तुमच्या हातात अक्षरांची फाइल येईल आणि रंगीत शिखरांचा क्रोमॅटोग्रामही. अक्षरांवर विसंबू नका, शिखरं उघडा.

एका जागी दोन रंगांची सारखी शिखरं दिसली तर घाबरायचं कारण नाही. अळंबीच्या पेशीत आई-बापांची दोन वेगळी केंद्रकं शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा दोन रूपं दिसणं स्वाभाविक आहे. ती संमिश्र अक्षरं म्हणून तशीच नोंदवा. सगळं स्वच्छ चाललेलं असताना एका ठिकाणापासून पुढे एकदम गोंधळ सुरू झाला, तर बहुधा दोन रूपांपैकी एकात एखादं अक्षर कमी-जास्त आहे. उलट बाजूचा वाचलेला तुकडा त्या जागेपर्यंत स्वच्छ येतो, दोन्ही जोडून काम भागतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोंधळ असेल तर मात्र नमुन्यात दोन जीव आहेत. परत डीएनए काढा.

ब्लास्टचं पहिलं नाव म्हणजे उत्तर नव्हे

जेनबँक या शृंखलांच्या सार्वजनिक साठ्यात ब्लास्ट करून, म्हणजे आपल्यासारख्या शृंखला शोधून, पहिल्या ओळीतलं नाव उचलणं ही या क्षेत्रातली सर्वांत पसरलेली वाईट सवय आहे. निल्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सार्वजनिक साठ्यातल्या कवकांच्या शृंखला तपासल्या तेव्हा जातीच्या पातळीवर २० टक्क्यांपर्यंत नावं चुकीची असू शकतात असं दिसलं. एकाने चुकीचं नाव दिलं की पुढचे दहाजण ब्लास्ट करून तेच नाव आपल्या नमुन्याला चिकटवतात आणि चूक बहुमतात येते.

म्हणून प्रत्येक जुळणीला तीन प्रश्न विचारा. या शृंखलेमागचा वाळवलेला नमुना कुठल्या संग्रहालयात आहे? तो कोणी ओळखला? तो प्ररूप-नमुना, म्हणजे जातीचं नाव ज्याला बांधलेलं आहे तो नमुना, आहे का? तिन्हीचं उत्तर नसेल तर ती शृंखला झाडात घ्या, पण तिच्या नावावर काहीही उभारू नका. युनाइट हा कवकांसाठीचा वेगळा साठा आहे. तिथे शृंखलांचे गट करून प्रत्येक गटाला स्थिर क्रमांक दिलेला असतो. नाव वादात असलं तरी क्रमांक राहतो, हे मला फार सोयीचं वाटतं. आणि ‘९७ टक्के जुळलं म्हणजे तीच जाती’ असा सरसकट नियम लावू नका. काही गटांत दोन वेगळ्या जातींचं आयटीएस जवळजवळ सारखं असतं, काहींत एकाच जातीत बराच फरक असतो.

जुळवणी आणि झाड

सगळ्या शृंखला एकाखाली एक अशा लावायच्या की एका स्तंभात एकाच पूर्वज-अक्षराची वंशज अक्षरं यावीत. माफ्ट हा प्रोग्रॅम हे काम चांगलं करतो, पण नंतर ॲलीव्ह्यूसारख्या खिडकीत डोळ्यांनी बघाच. एखादी शृंखला उलटी शिरली असेल, एखादीचं टोक कचरा असेल, तर ती रंगांच्या पट्ट्यांत खड्यासारखी दिसते. आयटीएसचे जे पट्टे कशाशीच नीट जुळत नाहीत ते विश्लेषणातून वगळा, आणि वगळले हे लिहा.

प्रत्येक जनुकाचं झाड आधी वेगळं काढा. सगळी जनुकं एकत्र जोडून एकच झाड काढण्याची घाई नको. एलएसयूच्या झाडात तुमचा नमुना कोप्रिनेलसमध्ये आणि टीईएफ-१ अल्फाच्या झाडात कोप्रिनॉप्सिसमध्ये बसला आणि दोन्हीकडे आधार भक्कम असला, तर शंभरातल्या नव्वद वेळा कुपीची किंवा चिठ्ठीची गडबड असते. एकत्र झाडात ही गडबड लपते. जनुकं एकमेकांशी सहमत आहेत हे दिसल्यावरच जोडा.

झाड काढायला आयक्यू-ट्री किंवा रॅक्सएमएल, आणि संभाव्यतेवर चालणाऱ्या बेझच्या पद्धतीसाठी मिस्टरबेझ. शंभरेक शृंखलांचं काम साध्या लॅपटॉपवर होतं. अक्षरं कशी बदलत गेली याचं कुठलं गणिती प्रारूप वापरायचं ते आयक्यू-ट्री स्वतः तपासून निवडतो. प्रत्येक जनुकाला स्वतंत्र प्रारूप द्या. फांद्यांवरचे आकडे म्हणजे आधार, ती फांदी किती भरवशाची याचं माप. बूटस्ट्रॅपमध्ये तीच माहिती पुन्हा पुन्हा निवडून झाड काढतात. साध्या बूटस्ट्रॅपमध्ये ७० च्या वर, आयक्यू-ट्रीच्या जलद बूटस्ट्रॅपमध्ये ९५ च्या वर आणि बेझच्या संभाव्यतेत ०.९५ च्या वर, हे रूढ उंबरठे. हे तीन आकडे एकमेकांच्या जागी वाचायचे नसतात. जलद बूटस्ट्रॅपचे ७५ पाहून ‘चांगला आधार’ लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत.

झाड वाचणं

आता या सगळ्या खटाटोपाचं मूळ कारण. वर्गीकरणात एका नावाखाली असा गट हवा ज्यात एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज येतात. कोणी बाहेरचा नको, कोणी आतला गळायला नको.

जुनी कोप्रिनस पहिल्या अटीवर पडली. कोमॅटस एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. दोघींतलं वितळणं वेगवेगळ्या वेळी उपजलेलं. त्याहून मला विलक्षण वाटते ती पोडॅक्सिसची गोष्ट. ही अळंबी महाराष्ट्राच्या कोरड्या भागातही, वारुळांवर आणि उघड्या माळावर दिसते. ती देठावर उभी असलेल्या लांबट पिशवीसारखी असते, छत्री कधी उघडतच नाही आणि बीजाणू आतच भुकटीसारखे पडून राहतात. रूपावरून तिला भुकटी-अळंब्यांच्या (पफबॉलच्या) पंगतीत बसवलं जायचं. डीएनएच्या झाडात ती कोप्रिनस कोमॅटसच्या अगदी शेजारी येऊन बसली. हे कळल्यावर कोवळी, बंद कोमॅटस आणि पोडॅक्सिस शेजारी ठेवून बघा, खवल्यांची तीच उंच टोपी दिसेल. साम्य आधीही होतं, पण त्याच्याकडे बघायचं कारण नव्हतं.

सॅथिरेला दुसऱ्या अटीवर पडली. तपकिरी, ठिसूळ, न वितळणाऱ्या छत्र्या असं तिचं वर्णन, आणि वितळणाऱ्या फांद्या तिच्याच आतून फुटलेल्या. पदमसी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सॅथिरेला किती ठिकाणी विखुरलेली आहे ते दाखवलं. सॅथिरेला कोनोपिलिया ही न वितळणारी जाती तर पॅरासोलामध्येच निघाली. तिच्या छत्रीवरचे राठ, तपकिरी केस पॅरासोलाच्या काही जातींत आधीपासून माहीत होते. २०१५ मध्ये या कुळात होमोफ्रॉन, कॉफमॅनिया आणि टायफ्रासा या प्रजाती वेगळ्या झाल्या. २०२० मध्ये वेख्टर आणि मेल्झर यांनी खूप जास्त जाती घेऊन पुन्हा मांडणी केली, तेव्हा हिरवळीवर सर्रास उगवणारी सॅथिरेला कँडोलिआना आता कँडोलिओमायसेस कँडोलिआनस झाली. जुन्या भारतीय याद्या वाचताना ही सगळी नावं मनात उलटवावी लागतात.

नवी प्रजाती कधी करावी, याला टक्केवारीचं सूत्र नाही. माझ्या मते चार गोष्टी एकत्र याव्यात: फांदी एकवंशी आहे (एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज), एकाहून जास्त जनुकांत तिला भक्कम आधार आहे, तिच्यात एकाहून अधिक नमुने आहेत आणि तिला ओळखायला डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाने दिसणारी निदान एक खूण आहे. एका नमुन्याच्या एका आयटीएसवर नवी प्रजाती मांडणारे लेख मला बेजबाबदार वाटतात. लांब फांद्यांपासूनही सावध राहा. झपाट्याने बदललेल्या दोन शृंखला नातं नसतानाही झाडात एकमेकींकडे ओढल्या जातात. शंका आली की त्यातली एक काढून झाड पुन्हा काढा. दुसरी जागा बदलते का बघा.

नाव आणि नमुना जमा करणं

नवी जाती निघालीच, तर नियम थोडे पण कडक आहेत. एक वाळवलेला नमुना मूळ प्ररूप म्हणून नेमायचा आणि तो कुठल्या संग्रहालयात आहे ते लिहायचं. १ जानेवारी २०१२ पासून वर्णन लॅटिनमध्ये असण्याची सक्ती नाही, इंग्रजी चालतं. १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँकसारख्या मान्य नोंदणीतून क्रमांक घेतल्याशिवाय कवकाचं नवं नाव वैध ठरत नाही.

महाराष्ट्रातल्यांना नमुना ठेवायला लांब जावं लागत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक-संग्रहालय आहे. त्याची आंतरराष्ट्रीय ओळख ‘एएमएच’ या तीन अक्षरांनी होते. जिवंत संवर्ध (प्रयोगशाळेत वाढवलेलं कवक) असेल तर तिथेच राष्ट्रीय कवक संवर्ध संग्रह आहे. तुमच्याकडे नवी जाती नसून अगदी ओळखीची कोप्रिनेलस असली तरी नमुना जमा करा. महाराष्ट्रातल्या नेहमीच्या छत्र्यांच्याही नीट नोंदवलेल्या शृंखला हव्याच आहेत. जेनबँकेत शृंखला भरताना संग्रहालयाचा क्रमांक, ठिकाण, तारीख आणि कशावर उगवली होती हे रकाने रिकामे ठेवू नका. नावाबद्दल खात्री नसेल तर प्रजातीपर्यंतच लिहा.

आणि झाडाची छापील प्रत वहीत चिकटवा. ज्या फांदीला अजून खूण सापडलेली नाही तिच्यावर पेन्सिलीने गोल करा. पुढच्या जुलैत त्याच ढिगाऱ्यापाशी उजाडायच्या आधी जा, छत्र्या बंद असतानाच. आवरणाचे दाणे गोल पेशींचे आहेत की तंतूंचे, ते तेव्हाच बघायला मिळतं.